कोरडा दगड कापायचा नाही!

"नाना, तुमच्या भुवया सकाळी काळ्या असतात आणि संध्याकाळी पांढऱ्या. असं कसं हो?"

विचारलं! चारूने खरंच विचारून टाकलं! ओट्याआड दडलेल्या निंबा आणि पमीने तोंडावर हात दाबले. पैज बर्फाच्या दोन गोळ्यांची होती आणि ती आता त्यांना भरावी लागणार होती.

धुळ्याच्या शाळेत आठवीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही चारूचा आवाज फुटत नसे. पण यंदा स्नेहसंमेलनात बाईंनी तिच्या हातात माईक दिला आणि जादूच झाली. तेव्हापासून चारू कुणालाही काहीही विचारायला तयार! मे महिन्यात शिरपूरजवळ मामाच्या गावी आल्यापासून तर तिच्या तोंडाला विश्रांतीच नव्हती. मामेभाऊ निंबा आणि शेजारची पमी दोघं मिळून तिच्याशी रोज नवी पैज लावत होते.

झुलालनाना सायकल भिंतीला टेकवत होते. हे मामाचे शेजारी. एसटीच्या वर्कशॉपमधून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले.

"वय झालं ना बेटा!" ते म्हणाले.

"रोज संध्याकाळी होतं? आणि सकाळी परत जातं?"

नाना हसायला गेले आणि त्यांना खोकलाच आला. साधासुधा नाही, पाठ वाकवणारा! खोकत खोकतच ते मोरीत शिरले.

तेवढ्यात नानांच्या बायको वच्छलाअक्का सूप घेऊन बाहेर आल्या. "पोरी, इकडे ये व. तुम्ही दोन्ही पण या, दडून बसू नका! दोन महिने झाले, हा खोकला जात नाही. रोज जेवण झालं की सायकल काढतात नि गायब! कुठे जातात, काय करतात, मला सांगत नाहीत. बिडी ओढत असतील, दुसरं काय! शोधा तुम्ही. या खोकल्याचं जे मूळ सापडेल ना, ते सोमवारी सुपडूच्या भंगारच्या गाडीवर टाकते. बठ्ठं, सगळं!"

"बिडी भंगारात कोण घेईल, अक्का?" निंबाने विचारलं.

"मग तुझ्या नानालेच घालसू!"

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. दुपारच्या रणरणत्या उन्हात तिघं नानांच्या सायकलमागे निघाले. चाकांची खूण गिरधरमामाच्या केळीच्या मळ्यात गेली आणि जुन्या मोटरखोलीपाशी थांबली. सायकल भिंतीला, दार बंद!

"ते बघ," पमी कुजबुजली. खिडकीजवळची केळीची पानं पांढरीफटक होती, जणू कुणी त्यांच्यावर पीठ चाळलं होतं.

चारूने पानावरून बोट फिरवलं. "पीठ नाही गं हे. खरखरतंय!"

आणि आतून आवाज आला. किर्रर्रर्र!

"भूत!" निंबा दोन पावलं मागे सरकला.

"दुपारी दोन वाजता? या उन्हात भुतंही झोपतात!" चारूने दार ढकललं.

पांढऱ्या धुळीचा ढगच बाहेर आला! त्या ढगात एक मोटर घरघरत होती, पट्ट्याने एक गोल पातं गरगरत होतं, आणि पात्याला गारगोटी लावून बसले होते झुलालनाना. त्यांच्या भुवया, मिशी, कान, सगळं पांढरं!

"अरे देवा!" म्हणत नानांनी बटण बंद केलं. चोरी पकडल्यासारखे ते गोरेमोरे झाले. मग म्हणाले, "आलाच आहात तर बघा."

त्यांनी बटाट्यासारखी ओबडधोबड गारगोटी उचलली. तिचे दोन भाग वेगळे केले आणि चारूच्या तळहातांवर एकेक ठेवला.

चारूने दोन्ही तुकडे उजेडात धरले! आत राखाडी, पांढऱ्या, मधाच्या रंगाच्या रेषा होत्या. एकीत एक, एकीत एक, थेट मध्यापर्यंत. आणि मधोमध साखरेच्या खड्यांसारखे स्फटिक चमचमत होते.

"विहीर खोदताना सुरुंग लावला, तेव्हा अशी एक फुटली," नाना सांगू लागले. "तेव्हापासून जी गारगोटी दिसेल तिच्या पोटात काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मोटर जुन्या कडबाकुट्टीची. पातं फरशी कापायचं, धुळ्याहून आणलेलं. कापून झालं की फरशीवाल्यांच्या पॉलिशच्या दगडांवर घासायचं. आधी जाड दाण्याचा, मग बारीक, मग आणखी बारीक. बायको म्हणेल, म्हातारपणी दगड फोडतोय! म्हणून बोललो नाही."

"मला शिकवाल?" चारूने लगेच विचारलं. पण नाना पुन्हा खोकायला लागले. अक्कांना हवं होतं ते मूळ हेच! सांगितलं की सोमवारी हे यंत्र भंगारात जाणार. नाही सांगितलं, तर नाना असेच खोकत राहणार.

"नाना, ही धूळ तुमच्या छातीत जाते."

"हट्! धूळ शे ती. झटकली की गेली!"

चारूने निंबाला घरी पिटाळलं. तो धाकट्या बहिणीची पाटी घेऊन धापा टाकत आला. चारूने ती ओल्या फडक्याने लख्ख पुसली, वाळवली आणि नानांच्या बैठकीशेजारी उभी केली. "आता एक दगड कापा. फक्त एक!"

तिघं बाहेर थांबले. किर्रर्र थांबली तेव्हा पाटी पांढरी झाली होती. चारूने त्या धुळीत बोटाने लिहिलं, 'झुलाल'.

"एका दगडाची धूळ ही. दोन महिन्यांची कुठे गेली, नाना?"

नानांनी पाटी उचलून तिरपी करून बघितली. मग हळू आवाजात म्हणाले, "वर्कशॉपमध्ये पातं तापलं की आम्ही पाणी सोडायचो. इथेही तांब्याने ओतून बघितलं. पाणी मोटरवर गेलं आणि असा झटका बसला! मग नादच सोडला."

तीन दिवस हातात होते. अक्कांनी विचारलं की चारू गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "तपास चालू आहे!" पमी म्हणायची, "सोमवारी सगळं सांगू." आणि निंबा काहीच बोलायचा नाही, कारण त्याला हसू आवरत नसे.

शुक्रवारी चारू खिडकीतून केळी बघत होती. मामाने गेल्या वर्षीच ठिबक बसवलं होतं. प्रत्येक झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी पडत होतं आणि मधली वाट कोरडी ठणठणीत होती.

"निंबा! पाणी हवं तिथेच, बाकी सगळं कोरडं! पात्यालाही ठिबक लावूया!"

मामाकडे काळ्या नळीचे उरलेले तुकडे पडलेच होते. वर डबा टांगला, त्याला नळी जोडली, थेंब पात्यावर पडू लागले. नानांनी दगड लावला आणि पुन्हा धूळच धूळ!

"केळीला एवढं पुरतं, याला नाही पुरणार," निंबाने नळीच्या तोंडाची ठिबकगोळी उपटून काढली. आता धार लागली. पातं फिरताच तेच पाणी चारूच्या तोंडावर, नानांच्या धोतरावर आणि थेट मोटरकडे उडालं!

"बंद!" नाना ओरडले आणि त्यांनी बटण दाबलं. मग त्यांच्यातला मेकॅनिक जागा झाला. "मोटर इथे नकोच. भिंतीपलीकडे, उंच ओट्यावर. पट्टा भोकातून आत येईल. पात्यावर सायकलचा मडगार्ड बसवू, खाली अर्धा कापलेला तेलाचा डबा. पोरांनो, मोटरला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही!"

शनिवार-रविवार ठाकठोक चालली. पमीने नाकाला बांधायच्या फडक्यांच्या घड्या शिवल्या. रविवारी संध्याकाळी एक दगड कापला. डब्यातलं पाणी दुधासारखं झालं. आणि पाटी? काळी!

सोमवारी सकाळी चारूने अक्कांना सगळं सांगितलं. काही म्हणजे काही लपवलं नाही. अक्का तरातरा मळ्यात आल्या. मागून सुपडूची हातगाडी खडखडत होती आणि गलका ऐकून गिरधरमामाही आला.

"माझ्यापासून चोरून! आणि हे बठ्ठं छातीत भरायचं?" अक्का कडाडल्या. "सुपडू, उचल रे!"

नाना मान खाली घालून उभे राहिले. सुपडूने पट्ट्याला हात घातला.

"थांबा!" चारू मध्ये आली. "अक्का, तुमच्यासमोर एक दगड कापते. ही पाटी पांढरी झाली, तर यंत्र मी स्वतः गाडीवर चढवीन!"

पाटी उभी राहिली. चारूने नाकाला फडकं बांधलं, डोळ्यांवर नानांचा चष्मा चढवला. नानांनी बटण दाबलं आणि ते शेजारी बसले. गारगोटी लाकडी चापात घट्ट आवळली होती.

"ढकलू नकोस," नाना म्हणाले. "पात्याला सावकाश खाऊ दे."

चारूने चाप दोन्ही हातांनी धरला. पाण्याची धार पडत राहिली, पातं दगडात मिलिमीटर मिलिमीटर शिरत राहिलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. टक्! दोन तुकडे डब्यात पडले.

अक्कांनी दगडाकडे बघितलंच नाही. त्या सरळ पाटीपाशी गेल्या आणि पदराने ती पुसली. पदर बघितला. पुन्हा पुसली, पुन्हा पदर बघितला. स्वच्छ!

मग चारूने ओला तुकडा त्यांच्या हातात ठेवला. निळसर, दुधाळ, त्यात लाल रेघ.

"काय शे व हाई!" अक्कांचा आवाज एकदम मऊ झाला. "हे दगडात होतं?" त्यांनी नवऱ्याकडे डोळे वटारले. "एवढं देखणं एकटेच बघत होतात होय? उद्या धुळ्याला चला, छातीचा फोटो काढा. डॉक्टर हो म्हणाले तरच बसायचं इथे." मग चारूच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडत म्हणाल्या, "यंत्र पण वाचवलं, माणूस पण वाचवला! गिरधरभाऊ, तुमची भाची गुणाची शे!"

"आणि माझी फेरी?" सुपडूने विचारलं. मामाने हसत त्याच्या गाडीवर केळीचा घड ठेवला.

फोटो बघून डॉक्टर म्हणाले, धूळ वेळेत थांबली. औषध घ्या, महिनाभर आराम करा. तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नाना ओट्यावर बसून शिकवत आणि चारू रोज पाणी घालून पॉलिशच्या दगडांवर आपला तुकडा घाशी. बोटं सुरकुतली, खांदे दुखले, पण तुकडा आरशासारखा झाला.

सुट्टी संपताना आईबाबा तिला न्यायला आले. जेवणं झाल्यावर चारूने तो तुकडा बाबांच्या ताटाशेजारी ठेवला आणि उभी राहिली.

"बाबा, आई, मी ठरवलंय. धुळ्याला आपल्या मागच्या अंगणात, न्हाणीशेजारी, मी दगड कापणार. जोडणी नाना येऊन करून देणार आहेत."

"अगं, दहावीचं वर्ष आहे!" आई म्हणाली.

"सहा दिवस दहावीचे, रविवार दगडांचा. मोटरचं बटण बाबांच्या हातात राहील. आणि मी एकदा जरी कोरडा दगड कापताना दिसले, तर त्याच दिवशी यंत्र काढून टाका. मी एक शब्द बोलणार नाही!"