पान सुकेपर्यंत

"सुकलं काय वं, शकुन?"

पुढून जमुनामावशीची हाक आली. शकुननं हातातलं पळसाचं पान पाहिलं. मेलं अजून ताजंच! "नाई वं मावशी... हिरवंच हाय!" ती ओरडली आणि पुन्हा पाय ओढू लागली.

टोळीची रीतच होती ती. कापूस वेचून बडनेऱ्याहून घरी निघालेल्या अकरा बाया. निघताना एक पान तोडायचं आणि सगळ्यांत मागं रेंगाळणारीच्या हाती द्यायचं. पान सुकलं की कोस झाला. तिनं हाक मारायची, मग सगळ्यांनी बसायचं. रस्त्यावर बैलगाड्या चिक्कार होत्या हो! पण त्या वर्षी कापसाला सोन्याचं मोल आलेलं. गाडीवान गठ्ठ्यांवर चिमणीला बसू देईनात, तिथं शकुनची फुटलेली टाच कोण बघतो? दोन दिवसांच्या चालीनं अंगात त्राण उरलं नव्हतं. अकरा जणींत असून ती एकटीच चालत होती.

"बाई, वाट द्या जरा."

मागे एक तरणा गडी, मघापासून त्यांच्या हाका ऐकत आलेला. डोक्यावर ओल्या पोत्यात गुंडाळलेली कांद्याची रोपं, मानेवरून पाणी निथळतंय.

"एवढा रस्ता पडला हाय, तो दिसत नाई?"

"दिसते. पन तुमी सारा रस्ता अडवून लंगडून राह्यल्या ना!"

मेल्याचं हसू मात्र गोड होतं. भगवंत त्याचं नाव. बडनेऱ्याकडचा माळी, अकोल्याला बहिणीच्या मळ्यात रोपं न्यायला निघालेला.

"एकटाच?"

"एकटाच बरं. टोळीत कोनासाठी तरी थांबा लागते. रोप कोनासाठी थांबत नाई, सुकते."

"मंग जा ना!"

"जातो... तुयं पान सुकलं की."

'तुमी'वरून 'तुयं'वर केव्हा आला, ते शकुननं मनातल्या मनात टिपलं. त्यानं पोत्याची ओली चिंधी फाडून पुढे केली. तिनं ती टाचेला बांधली. जिवाला केवढं बरं वाटलं! पान सुकलं की हा जाणार... आणि मग तिनं काय करावं? तो दुसरीकडे बघतोय असं पाहून तुंब्यातलं पाणी हळूच पानावर शिंपडलं. एकदा. मग पुन्हा.

"सुकलं काय वं?"

"नाई... हिरवंच!"

पाय मोडून आले होते, तरी ती खोटं बोलत चालत राहिली. शेवटी म्हाताऱ्या पार्वताबाईनं भर रस्त्यात बसकण मारली. "या पानाले काय भूत लागलं?" जमुनामावशी तरातरा मागे आली आणि तिनं पान उचललं.

"अवो माय! हे पान हाय का मासोळी? पानी टपकून राह्यलं!"

शकुननं मान खाली घातली. "मीच... थोडं शिंपडलं."

"थोडं? एवढं?"

भगवंत खाकरला. "उरलेलं मायं हाय, मावशी. ही तिकडं पाहे, तवा मी पानावर पोतं पिळो."

दहाही जणी थकलेले पाय विसरून खदखदा हसल्या. शकुनला मात्र रडू येईलसं झालं. म्हणजे यालाही...?

पण पोतं कोरडं पडलं होतं आणि रोपांनी माना टाकल्या होत्या. पुढं वाट फुटत होती. अकोल्याची सरळ, दर्यापूरची उजवीकडे.

"बापाचं नाव काय तुया?"

"खुशालराव. या दर्यापूरच्या वाटेवरचं तिसरं गाव. माळ्याचं घर कोनीबी दाखवन."

"रोपं लावून येतो. आठ दिवसांत."

"एकटाच?"

"येताना एकटा. परत जाताना... तू सांगशीन तसं."

आणि तो भरभर निघून गेला, एकट्या माणसाच्या चालीनं. जमुनामावशीनं नवं पान तोडून पुन्हा शकुनच्याच हाती दिलं. ती चालू लागली. टाच ठणकत होती.

तेवढ्यात अकोल्याच्या वाटेवरून, लांबून, हाक आली.

"सुकलं काय वं, शकुन?"

उरलासुरला सगळा दम छातीत गोळा करून ती ओरडली,

"नाई! हिरवंच हाय!"