स्तेफा पिळत नाही

विमान परवा सकाळचं होतं आणि हलिनाला आता एकच काम उरलं होतं. स्तेफाची बॅग भरायची. दुसरं काही करायची इच्छाच नव्हती तिला. लिस्बनमधली सहल जिच्या हट्टापायी ठरली ती स्तेफाच राहिली नव्हती, मग कुठली सहल आणि कुठलं काय.

सोमवारी सकाळी स्तेफा समुद्रात पोहून आली. निळा कॉस्च्युम तिने भाड्याच्या घराच्या खिडकीबाहेरच्या दोरीवर टाकला, "जरा पडते गं," म्हणाली, आणि पडली ती उठलीच नाही. झोपेतच गेली. चेहरा असा की कुणी नुकतीच गंमत सांगितली असावी. तिची मुलगी मोनिका वॉर्सातून धावत आली, कागदपत्रं, दहन, सगळं तिने एकटीने निभावलं आणि काल राखेचा कलश मांडीवर घेऊन परत गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "मावशी, आईचे कपडे तुम्ही आणाल का? माझ्याच्याने नाही हात लावला जाणार."

"सगळं आणते," हलिना म्हणाली. "तिचा रुमालसुद्धा इथे ठेवणार नाही. तिला परक्या गावात एकटीला टाकून येईन होय मी?"

आता हा शब्द तिने का दिला ते कळायला हवं. हलिना, स्तेफा आणि दानुता तिघी अठराव्या वर्षी वूच शहरातल्या सूतगिरणीत लागल्या. वसतिगृहात तिघींना मिळून एकच खोली होती. लग्नं झाली, नवरे गेले, गिरणी बंद पडली, तरी तिघी सुटल्या नाहीत. त्यातही हलिना आणि स्तेफा म्हणजे एकीला शिंक आली की दुसरीने रुमाल काढावा. गिरणीतल्या यंत्रात स्तेफाची उजवी बोटं सापडली आणि कायमची वाकडी झाली. तेव्हापासून तिला कपडा पिळता यायचा नाही. स्तेफाने एक टोक नुसतं धरायचं आणि दुसऱ्या टोकाने हलिनाने पीळ घालायचा, असं त्यांचं आयुष्यभर चाललं. सोमवारी हलिना पाव आणायला गेली होती, म्हणून तो कॉस्च्युम तसाच ठिबकत दोरीवर गेला.

तोच काढायला हलिना आता खिडकीशी आली. बाहेर सप्टेंबरचं ऊन नुसतं रणरणत होतं. गल्लीतल्या सगळ्यांच्या चादरी पापडासारख्या कडक वाळल्या होत्या. तिने कॉस्च्युमला हात लावला आणि मागे घेतला. तो ओलागच्च होता. खालच्या काठावर थेंब जमत होता, लोंबत होता, पडत होता.

"दानुता, हा अजून ओला कसा गं?"

"समुद्राची हवा," स्वयंपाकघरातून दानुता म्हणाली. गिरणी बंद पडल्यावर तिने इथल्या एका हॉटेलात आठ वर्षं स्वयंपाक केला होता, त्यामुळे इथली भाषा तिला यायची आणि लिस्बनचं काहीही विचारा, तिच्याकडे उत्तर तयार असायचं. "इथे मीठसुद्धा ओलं होतं बये. काढ आणि घाल बॅगेत."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून आरडाओरडा सुरू झाला. खाली राहणाऱ्या म्हाताऱ्या दोना इल्दाने खिडकीतून मान वर काढली होती आणि हात नाचवत ती बरंच काही बोलत होती. दानुता खिडकीशी आली, तिच्याशी चार शब्द बोलली आणि खिडकी लावून घेतली.

"काय म्हणते?"

"सांत्वन करतेय."

"एवढं ओरडून?"

"इथली माणसं सांत्वनसुद्धा ओरडूनच करतात," दानुता म्हणाली. पण ती हलिनाकडे न बघता बटाटे सोलत राहिली.

हलिनाने कॉस्च्युम न्हाणीघरात नेला आणि जीव खाऊन पिळला. पाणी आलं, येतच राहिलं. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला, वरून इस्त्री फिरवली. वाफेबरोबर खोलीभर खारट वास सुटला, शेवाळाचा आणि स्तेफा सांध्यांना लावायची त्या कापराच्या मलमाचा. इस्त्री थंड झाली आणि कापड पुन्हा ओलं. "बघू उद्या," म्हणून तिने तो नळावर टाकला.

दुसरा दिवस शेवटचा. नदीकाठी बसून भाजलेले मासे खायचे, असं स्तेफाने ठरवून ठेवलं होतं, म्हणून दोघी गेल्या. मासे समोर आले, पण घास उतरेना. समुद्राकडे वाहणाऱ्या त्या पाण्याकडे बघताना हलिनाला रविवारची स्तेफा आठवली. कमरेएवढ्या समुद्रात उभी राहून ती ओरडली होती, "आपला बाल्टिक म्हणजे हाडं गोठवणारा मेला! हे बघा, हे पाणी! तुम्ही जा गं घरी, मी इथेच राहते!" आणि तिघी पोट धरून हसल्या होत्या. हलिनाने ताटातल्या माशावर रुमाल टाकला आणि भर हॉटेलात हुंदके देऊन रडली.

घरी आल्या तेव्हा कॉस्च्युम दोरीवर होता.

पट्ट्या खाली, तळ वर. असा उलटा कॉस्च्युम फक्त स्तेफा वाळत घालायची.

"तू घातलास?"

"मी कशाला?" दानुता म्हणाली. "मी तुझ्याबरोबर नव्हते का?"

दार वाजलं. बाहेर दोना इल्दा उभी होती, हातात उशीचा अभ्रा. त्यावर ओले डाग होते. या वेळी ती ओरडली नाही. हळू आवाजात, थांबत थांबत बोलली, आणि दानुताचा चेहरा उतरत गेला. म्हातारी गेली तरी ती दाराला टेकून उभीच.

"सांत्वन नव्हतं ना ते?" हलिना म्हणाली. "कालचंही नव्हतं. खरं सांग."

"ती म्हणते... तुमच्या त्या तिसऱ्या बाईला सांगा, कपडे पिळून वाळत घाला म्हणावं. माझ्या वाळलेल्या कपड्यांवर पाणी गळतं. रोज सकाळी तिला सांगते, तर ती नुसती हसते... आणि हात पुढे करून वाकडी बोटं दाखवते."

हलिना खाली बसली.

"तिला सांगितलं नाहीस, स्तेफा गेली म्हणून?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं गं. ती म्हणाली... मग वर कोण आहे?"

दानुता रडायला लागली. उभ्या आयुष्यात तिला कुणी रडताना बघितलं नव्हतं, दोन नवरे पुरले तेव्हाही नाही. हलिनाने तिला जवळ घेतलं. भीती वाटायला हवी होती, पण तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. तो हात पुढे करणं. स्तेफा कुणाची वाट बघतेय, हे तिला म्हातारीपेक्षा जास्त कळलं होतं.

निघायची सकाळ आली. बॅगा भरल्या, खोल्या झाडल्या. प्रवासाला निघताना घडीभर गप्प बसायचं, हा त्यांच्याकडचा रिवाज. दोघी आपापल्या बॅगेवर बसल्या. स्तेफाची बॅग मध्ये उभी होती. 

जिना उतरून अर्ध्यावर आल्या आणि हलिना थांबली. "कॉस्च्युम राहिला."

"मरू दे तो!"

"मोनिकाला शब्द दिलाय मी. स्तेफाला अर्धी इथे ठेवून जाऊ?"

दानुताने तिचा दंड धरला, मग सोडला. "जा. पण मागे फिरलीयेस, पुन्हा घडीभर टेकल्याशिवाय निघू नकोस. आणि लवकर ये हलिना... खरंच लवकर ये."

आत गारवा होता. एवढ्या उन्हात गारवा. हलिनाने दोरीवरून कॉस्च्युम काढला, थेंब तिच्या बुटांवर पडत राहिले. रिवाजाप्रमाणे टेकायचं म्हणून ती जवळच्या खाटेवर बसली, ती स्तेफाचीच निघाली. कापराचा वास आला. मग तिच्या शेजारी गादी हळूच खचली, जुन्या सवयीचं कुणी बसावं तशी.

हलिनाने मान वळवली नाही. सवयीने तिचे हात पुढे झाले, तिने कॉस्च्युमचं एक टोक धरलं. दुसरं टोक उचललं गेलं आणि ताणलं.

तिने पीळ घातला. पाणी धो धो खाली आलं, फरशीवर पसरलं. तिने आणखी पीळ घातला, पलीकडची पकड ढळली नाही. हलिना रडत होती आणि पिळत होती.

"स्तेफा... चल ना गं घरी," ती म्हणाली. "तिकडे मी काय करू एकटी? चादरी कुणाबरोबर पिळू?"

पाण्याचा शेवटचा थेंब पडला. कापड कोरडं झालं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. हलिनाने ते आपल्याकडे ओढलं.

टोक सुटलं नाही.

"सोड ना... सोड, राणी. मोनिका वाट बघतेय."

पलीकडून एक हलकासा हिसका आला. लहान मूल जत्रेतून निघताना आईचा हात मागे ओढतं, तसा. अजून थोडं राहू या ना, असं म्हणणारा. हलिनाला त्या हिसक्याचा अर्थ कळला. स्तेफाला यायचंच नव्हतं. उलट तीच हलिनाला थांबवत होती.

खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. हलिनाने बोटं उघडली आणि उठली. कॉस्च्युम खाली पडल्याचा आवाज झाला नाही.

खाली दोना इल्दा आपल्या दारातच उभी होती. दानुताला जवळ ओढून ती कानात काही बोलली आणि छातीवर क्रूस करून आत गेली. टॅक्सी गल्लीतून वळली.

"काय म्हणाली?"

"सांत्वन."

"दानुता..."

"म्हणाली, आज दोघींनी छान पिळलंत." दानुताने टॅक्सीची काच वर केली. "आणि म्हणाली, वरच्या बाईंनी विचारलंय... ही पुन्हा कधी येणार?"

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सगळं वूच आपल्या गेलेल्या माणसांसाठी कबरस्तानात मेणबत्त्या घेऊन जमतं. स्तेफाचा कलश जिथे पुरला होता तिथे दोघीही गेल्या. हलिनाने काडी ओढली, पेटली नाही. दुसरी, तिसरी, सगळ्या ओल्या. दानुताने तिच्या हातून काडेपेटी घेतली आणि बोटं बघून चपापली. टोकं पांढरीफटक, सुरकुतलेली, तासन्‌तास पाण्यात राहिल्यासारखी.

"भांडी घासून आलीस होय?"

"नाही गं. लिस्बनपासून अशीच आहेत. वाळतच नाहीत." दानुताने आपल्याजवळच्या कोरड्या काडीने मेणबत्ती लावली, तेव्हा हलिनाने सहज सांगितलं, "पुढच्या सप्टेंबरचं तिकीट काढलं मी. तेच घर मिळालं."

"वेडी आहेस का तू?" दानुता ओरडली. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले तेव्हा तिने आवाज खाली आणला. "...आणि परतीचं?"

 हलिनाने उजवा हात थोडा पुढे केला होता, कुणीतरी दुसरं टोक धरावं तसा, आणि तिच्या बोटांवरून थडग्याच्या दगडावर एक थेंब पडला.