दोन भोंग्यांमधली सात मिनिटं

सातव्या मिनिटापर्यंत पट्टी कोरीच होती. आठव्या मिनिटाला तिच्या मध्यावर किंचित गुलाबी झाक आली, अकराव्याला ती रेघ म्हणून ओळखू येऊ लागली, आणि पंधराव्या मिनिटाला यामिनीने वहीत ‘बाधित’ असं लिहिलं. शेजारच्या पट्टीवरची रेघ मात्र तिसऱ्याच मिनिटाला ठसठशीत उमटून बसली होती.

दोन्ही नमुने देवसईचेच. पहिला चार महिन्यांपूर्वीचा, शीतपेटीत जपून ठेवलेला. दुसरा कालचा.

श्वासज्वराच्या साथीचं हे तिसरं वर्ष होतं. राज्यभर गिरण्यांच्या, शाळांच्या, बाजारांच्या दारात जी झटपट चाचणी होत असे तिची रेघपट्टी डॉ. यामिनी खरवंडीकरच्या प्रयोगशाळेत जन्मली होती. पट्टी पंधराव्या मिनिटाला वाचायची, हा नियमही तिचाच.

देवसईच्या सूतगिरणीत हा नियम कधी रुजलाच नाही. तिथे पहिल्या भोंग्याला कामगार फाटकाशी रांग लावत आणि सात मिनिटांनी दुसरा भोंगा झाला की फाटक बंद होई. बाहेर राहिला त्याची पाळी बुडाली. त्यामुळे फाटकावरची तपासनीस रंजना कोष्टी दोन वर्षं सगळ्या पट्ट्या दोन भोंग्यांच्या मध्येच वाचत आली होती. पुढे एका तपासणी पथकाच्या हे लक्षात आलं. यामिनीने कडक पत्र धाडलं, रंजनाला फाटकावरून हटवण्यात आलं आणि भोंग्यांची वेळ बदलून पंधरा मिनिटांचा नियम लागू झाला.

त्याआधी सलग पाच महिने देवसईत या तापाने एकही माणूस दगावला नव्हता. नियम लागू झाल्यावर दोन महिन्यांत एकोणीस दगावले.

गावाने सरळ निष्कर्ष काढला. रंजनाने इतके दिवस बाधित माणसं आत सोडली, तेच आता गावाच्या अंगावर आलं. यामिनीलाही आधी तसंच वाटलं होतं. म्हणून तर तिने दोन्ही नमुने एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, आणि मग मेश्राम सरांना बोलावलं.

विषाणूंची जनुकं वाचण्यात मेश्रामांचं आयुष्य गेलं होतं, आणि यामिनी हे शास्त्र त्यांच्याच हाताखाली शिकली होती. त्यांनी दोन्ही पट्ट्या उजेडाकडे धरून पाहिल्या.

“तू हिला चाचणी म्हणतेस,” ते म्हणाले. “विषाणूच्या बाजूने बघ. त्याच्यासाठी ही चाळणी आहे.”

फाटकावर जो ओळखला जातो तो घरात कोंडला जातो आणि त्याचा वंश तिथेच खुंटतो, त्यांनी समजावलं. जो नजरेतून सुटतो तो पसरतो. सातव्या मिनिटाला वाचलं, तर लवकर रेघ देणारा अडकतो आणि उशिरा देणारा निसटतो. आता रेघ उशिरा का येते? नाकात विषाणूचं प्रथिन कमी असतं म्हणून. प्रथिन कमी, कारण हा उपप्रकार सावकाश वाढतो. तो फुप्फुसापर्यंत पोचायच्या आत शरीर सावध झालेलं असतं. माणूस दोन दिवस कणकणतो, बरा होतो, आणि पुढे उग्र उपप्रकारही त्याला बाधत नाही.

यामिनीने शंका काढली. उग्र विषाणूनेच उद्या प्रथिनाचा आकार बदलून पट्टीला चकवलं तर?

“पट्टी जो भाग धरते तो बदलला तर विषाणूचं कवचच उभं राहत नाही. तो भाग तूच निवडलास. निसटायचं तर त्याला एकच वाट उरते, सौम्य होण्याची.”

“आणि पंधराव्या मिनिटाला वाचलं तर दोघेही सारखेच अडकतात,” यामिनी हळू म्हणाली.

“हो. पण रोज प्रत्येकाची चाचणी थोडीच होते? थोडे गळतातच. मग गळालेल्यांत जो वेगाने वाढतो तो पुढे जातो.”

देवसईत तेच झालं होतं. मेश्रामांनी दुसरी बाजूही लपवली नाही. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. उग्र उपप्रकार दोनशे बाधितांत एकाला नेतो, हा पन्नास हजारांत एकाला नेईल. राज्यभर मोकळा सोडला तर हजारेक माणसं.

यामिनी तिथेच अडली. आजवरची माणसं तापाने गेली होती. सात मिनिटांचा नियम राज्यभर केला, तर ही हजार माणसं तिच्या नियमाने जाणार होती. आणखी नमुने हवेत, असं ती सगळ्यांना सांगत राहिली. नमुने आले, तेही तेच बोलले. अहवाल तीन आठवडे टेबलाच्या खणात पडून राहिला. मग देवसईहून चौकशीचं बोलावणं आलं. रंजना कोष्टीला बडतर्फ करावं की तिच्यावर खटला भरावा, याबद्दल तज्ज्ञ म्हणून तिचं मत हवं होतं.

नगरपालिकेच्या व्हरांड्यात रंजना एकटीच बाकावर बसली होती. बाक लांबलचक होता, पण बाकीचे भिंतीला टेकून उभे होते. यामिनी तिच्या शेजारी जाऊन बसली.

“मॅडम, जरा जपून,” भिंतीकडून गिरणीचा एक जॉबर, कामगारांचा मुकादम, म्हणाला. “अक्काच्या घड्याळात सातच मिन्टं असत्यात.”

दोघंतिघं हसले. रंजनाने मान वर केली नाही. तशीच ती आपणहून बोलू लागली. गेलेल्यांत तिचा चुलतदीर होता. त्याची पट्टी तीच वाचायची. जाऊ आता तिला दारात उभं करत नव्हती.

“लोकांची पाळी बुडू नये एवढंच बघितलं मी,” ती म्हणाली. “तुम्ही शिकलेल्या आहात. खरं सांगा मॅडम, किती जण गेले माझ्यामुळं?”

यामिनीला आकडा माहीत होता. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात शिपायाने दोघींना आत बोलावलं.

सभागृहात चौकशी समितीचे अध्यक्ष होते, आणि समोरच्या पडद्यावर इतर जिल्ह्यांचे आरोग्याधिकारी. आरोप वाचून झाला. यामिनी उठली आणि तिने दोन उपप्रकारांची हकिगत, चाळणी, देवसईचे पाच महिने, पत्रानंतरचे दोन महिने असं सगळं क्रमाने सांगितलं. हजार हा आकडाही गाळला नाही. पडद्यावरच्या एकाने विचारलं, म्हणजे डॉक्टरबाईंचं म्हणणं, आजारी माणसं गावभर हिंडू द्यायची? कुणी हसलं नाही.

अध्यक्ष समजूतदार होते. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, हे आजच नोंदवायलाच हवं असं नाही. आणखी थोडा अभ्यास होऊ दे. यामिनीच्या पत्राचा उल्लेखही तूर्त टाळता येईल.

यामिनीने रंजनाकडे पाहिलं. रंजना अजून उत्तराची वाट बघत होती.

“अभ्यास पुरा झाला आहे,” यामिनी म्हणाली. “रंजनाताईंमुळे एकही माणूस गेला नाही. ती एकोणीस माणसं माझ्या पत्रामुळे गेली, तसं नोंदवा. उद्या सकाळपासून सगळ्या जिल्ह्यांत पट्टी सातव्या मिनिटाला वाचायची. तेव्हा कोरी असेल त्याला आत सोडायचं. ज्या घरात म्हातारी किंवा दुखणाईत माणसं आहेत, त्यांची वेगळी सोय मी लिहून आणली आहे. तरीही काही जण दगावतील. त्या आदेशावर सही माझी असेल.”