अठ्ठावीस दिवसांचा तुकडा

सोमपाड्याच्या प्रयोगशाळेत दर मंगळवारी बीफची कापणी होत असे. कापणी हाच शब्द तिथे रूढ होता, कारण मारण्यासारखं त्यात काही नव्हतंच. एका गायीच्या पाठीच्या स्नायूतल्या चिमूटभर पेशी बारा वर्षांपूर्वी पृथ्वीवरून आल्या होत्या, आणि कोमट पोषकरसाने भरलेल्या ऊतीकुंडात त्या अजून निमूटपणे वाढत होत्या. गाय स्वतः पुढे कित्येक वर्षं चरत राहिली आणि म्हातारपणाने गेली, असं सांगत. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ जमिनीखाली वसलेल्या या वस्तीत दोनशे सोळा माणसं राहत होती. त्यांतली मांस खाणारी सगळी त्या एकाच गायीवर पोसली जात होती.

डॉ. जॅसिंता तुस्कानो या ऊतीकुंडाची प्रमुख. मूळची वसईची. तिचं काम चोख होतं. मांस निर्जंतुक असे, प्रथिनं मोजूनमापून असत. तक्रार करणारा सबंध वस्तीत एकच माणूस होता, आणि तो नेमका तिच्याच घरात राहत होता.

ते तिचे वडील, पेद्रू तुस्कानो, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. प्रवासी जहाजांच्या स्वयंपाकघरात त्यांनी तीस वर्षं ग्रिल सांभाळलं होतं. बायको गेली आणि गुडघेही कामातून गेले, तेव्हा जॅसिंताने त्यांना चंद्रावर आणलं. इथे वजन सहाव्या हिश्शावर आलं आणि म्हातारबुवा पुन्हा तुरुतुरु चालायला लागले. पण ताटावर बसले की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. आठ महिने असे काढल्यावर एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, की परतीच्या यानात त्यांनी स्वतःसाठी जागा सांगून ठेवली आहे.

"पप्पा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?" जॅसिंता म्हणाली. "तुमच्या हृदयाला आता इथल्या हलक्या वजनाची सवय झालीय. पृथ्वीवर उतरताना ते टिकेलच याची खात्री नाही."

"नाही टिकलं तर नाही टिकलं. इथे बसून पुठ्ठा चघळण्यापेक्षा ते बरं." मग लेकीचा चेहरा पाहून ते जरा नरमले. "बाय, तुझ्यावर राग नाही गं माझा. पण माझा इथे उपयोग काय? सगळं यंत्रं करतात. मी ग्रिलवाला माणूस. आणि तुमच्याकडे ग्रिलवर ठेवावं असं काही नाही, कारण तुमच्याकडे काही मुरतच नाही."

यान यायला अजून तीन महिने होते. जॅसिंता रडणाऱ्यांतली नव्हती. "नीट मुरवलेला तुकडा तुमच्या ताटात वाढला, तर राहाल?"

"जहाजावर असायचा तसा? राहीन. पण फसवायचं नाही."

सोमपाड्यात खाण्याची कुठलीही वस्तू शिजवल्याशिवाय दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायची, तर डॉ. सुधन्वा केळशीकरांची परवानगी लागे. ते जंतुनियंत्रण अधिकारी. माणूस मनाने चांगला, पण असा काटेकोर की शिंकतानासुद्धा नियमावली आठवत असावा. एकमेकांच्या हाताला हात लावायचा नाही, लांबून नमस्कार करायचा, ही प्रथा वस्तीत त्यांनीच पाडली होती. शिवाय ते मांस खात नसत.

"मुरवणं आणि सडवणं यांत फरक काय, तेवढं मला समजावून सांगा," ते म्हणाले.

"स्नायूच्या पेशींमध्ये काही विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. झिजलेली प्रथिनं कापून बाजूला काढणं हे त्यांचं काम," जॅसिंता म्हणाली. "पोषण तुटलं की पेशींची डागडुजी थांबते, पण ही विकरं थांबत नाहीत. मांस थंडीत टांगून ठेवलं तर ती आतल्या आत त्याचे धागे कापत राहतात, म्हणून ते मऊ होतं. थोडं पाणी उडून जातं, म्हणून चव दाटते. आपण ऊतीकुंडातून काढतो आणि लगेच शिजवतो. त्या बिचाऱ्या विकरांना आपण वेळच देत नाही."

"म्हणजे बाहेरचा कुठलाही जंतू यात लागत नाही?"

"अजिबात नाही," जॅसिंताने ठणकावून सांगितलं. ती हुशार होती, पण मुरवण ती पुस्तकातून शिकली होती. पुढचा सगळा घोटाळा त्या दोन शब्दांतून झाला.

"मग हरकत नाही. पण पेटी मी रोज येऊन तपासणार."

दोन आठवडे खपून तिने घरातच मुरवणपेटी बांधली. आत दोन अंश तापमान, बेताची दमट हवा आणि एक लहानसा पंखा. चार किलोचा तुकडा तिने हातमोजे घालून टांगला आणि अठ्ठावीस दिवस त्याला कुणी हात लावला नाही. एकोणतिसाव्या दिवशी पेद्रूंनी तो भाजला. एक घास खाल्ला आणि काटा खाली ठेवला.

"मऊ झालाय," ते म्हणाले.

"मग?"

"कापूससुद्धा मऊ असतो."

विकरांनी त्यांचं काम चोख केलं होतं. गणितात चूक नव्हती. चव तेवढी आली नव्हती.

यानाला आता दीड महिना उरला होता. लेकीचा उतरलेला चेहरा पेद्रूंना बघवेना. "दुसरा तुकडा टांग. पण या वेळी पेटी माझ्या ताब्यात. तू त्यात लक्ष घालायचं नाहीस."

त्यांनी पेटी ताब्यात घेतली ती अशी, की सकाळ-संध्याकाळ दार उघडायचं, उघड्या हातांनी तुकडा फिरवायचा, अंगठ्याने दाबून बघायचा, नाक लावायचं. जॅसिंताने हातमोजे पुढे केले तर म्हणाले, "मोज्यातून मला काही कळत नाही." तिने मन घट्ट करून दुर्लक्ष केलं. चंद्रावर आल्यापासून ते पहिल्यांदाच सकाळी शीळ घालत उठत होते, आणि त्यापुढे तिला नियम फिके वाटले.

केळशीकर रोज अकरा वाजता तपासणीला येत. पेद्रू दारात उजवा हात पुढे करून उभे. जहाजावर कप्तानापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांशी हात मिळवायची त्यांची सवय वस्तीच्या प्रथेला बधली नव्हती. येताजाता भेटेल त्याच्यापुढे ते हात करत, आणि म्हाताऱ्या माणसाचा पुढे आलेला हात नाकारणं कुणालाच जमत नसे. केळशीकरांनी पहिले दोन दिवस लांबून नमस्कार केला. हात तसाच हवेत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनाच ओशाळं वाटलं आणि त्यांनी तो हातात घेतला. नंतर हात अर्थातच धुतले.

तिसऱ्या आठवड्यात पेटीतून वास यायला लागला. भाजलेल्या शेंगदाण्यांचा आणि जुन्या चीजचा असा काहीतरी एकत्र वास. पेद्रू दिवसातून दहा वेळा पेटीपाशी जाऊन उगाच उभे राहत.

अठ्ठावीस दिवस भरले तो रविवार होता. पेद्रूंनी शेजारपाजारच्या आठ जणांना परस्पर आमंत्रण देऊन टाकलं. सकाळीच त्यांनी लोणी मऊ करून घेतलं. त्यात ठेचलेला लसूण, बारीक कोथिंबीर, लिंबाची किसलेली साल आणि शेवटी चमचाभर बाटली मसाला घातला. वसईतल्या घरोघरी उन्हाळ्यात कुटून काळ्या बाटल्यांत ठासून भरतात तो मसाला. पृथ्वीवरून येताना त्याच्यावर किरणांचा मारा झाला होता. त्यातले जंतू मेले होते, तिखटपणा मात्र शाबूत होता. लोण्याची वळकटी करून त्यांनी ती थंड करायला ठेवली.

मग तुकड्यावरचं काळपट, वाळलेलं साल तासून त्यांनी आतून दोन बोटं जाडीचे स्टेक कापले. त्यांना मीठ चोळलं आणि अवरक्त शेगडी लालबुंद केली. वस्तीतल्या हवेचा दाब पृथ्वीपेक्षा कमी, त्यामुळे पाणी नव्वद अंशांनाच उकळतं. मांसाची वरची बाजू त्यामुळे झटकन कोरडी पडली, आणि कोरडी पडली की मगच ती तांबूस होते. जहाजावर ज्याला चार मिनिटं लागत ते इथे अडीच मिनिटांत झालं. पेद्रू शेगडीकडे बघतच राहिले.

"तीस वर्षं मी चुकीच्या ठिकाणी ग्रिल करत होतो," ते म्हणाले.

स्टेक उतरवून त्यांनी पाच मिनिटं झाकून ठेवले आणि त्या वेळात कुणाला हात लावू दिला नाही. मग प्रत्येकावर लोण्याची चकती ठेवली. ती वितळून कडेने ओघळली तेव्हा आठही पाहुणे बोलायचे थांबले. केळशीकर नमुना घ्यायला आले होते. त्यांना पेद्रूंनी बळेच बसवलं आणि गरम पावावर नुसतं लोणी लावून दिलं. त्यांनी तीन पाव खाल्ले.

पेद्रूंनी शेवटी स्वतःचा घास घेतला. बराच वेळ चावला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"हाच," ते म्हणाले. "राहतो मी, बाय."

जॅसिंताला इतका आनंद झाला की तिने भर पाहुण्यांत बापाच्या गळ्यात हात टाकले.

चार दिवसांनी केळशीकर आले ते दारातच उभे राहिले. त्यांच्या हातात नमुन्याचा अहवाल होता.

"तुकड्याच्या सालीवर एक किण्व, म्हणजे यीस्ट, सापडलंय. पाव फुगवतं त्याच जातकुळीचं. निरुपद्रवी आहे. पण वस्तीच्या यादीत ते नाही."

जॅसिंताने अहवाल वाचला आणि खुर्चीत बसली. "मऊपणा विकरांचा आणि चव याची," ती सावकाश म्हणाली. "हे सालीवर राहून चरबी आणि प्रथिनं खातं आणि मागे सुगंध सोडतं. पहिल्या तुकड्यावर हे नव्हतं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं, डॉक्टर. पण आलं कुठून? ऊतीकुंड तर स्वच्छ आहे."

"प्रत्येक जीवाचा एक जीवठसा असतो. त्यावरून तो कुठला ते कळतं. मी पेटी पाहिली, पंखा पाहिला. शेवटी जुळला तो..." केळशीकरांनी पेद्रूंकडे पाहिलं. "काका, तुमच्या उजव्या तळहाताशी."

चंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाला पृथ्वीवरच्या शुद्धिगृहात पूर्णशुद्धी करून घ्यावी लागे. तीन दिवस औषधं, प्रकाशस्नान, अंगावरचा आणि पोटातला एकूणएक परका जीव नाहीसा. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना ते झेपत नाही म्हणून त्यांची अर्धशुद्धी होई, आणि त्या वयाचे वस्तीत एकटे पेद्रूच होते. तीस वर्षं ते जहाजांवरच्या मुरवणखोल्यांतही वावरले होते. तिथलं किण्व नखांच्या कडांत आणि सुरकुत्यांत बसून त्यांच्याबरोबर चंद्रावर आलं होतं.

"म्हणजे चव माझी?" पेद्रूंचा चेहरा उजळला. "या सबंध चंद्रावर फक्त माझ्याकडे?"

"हो. आणि म्हणूनच..." केळशीकरांनी अहवाल मिटला. "नियम असा आहे की यादीबाहेरच्या जीवाचा स्रोत पहिल्या यानाने वस्तीबाहेर काढायचा. हा नियम मीच लिहिलाय. काका, मला फार वाईट वाटतंय."

अडीच महिन्यांपूर्वी पेद्रूंना हेच हवं होतं. आता त्यांनी लेकीच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

जॅसिंताचं डोकं मात्र चालू होतं. "डॉक्टर, जे किण्व पप्पांच्या हातावरून मांसावर गेलं, ते फक्त मांसावरच गेलं असेल का?"

केळशीकरांनी नकळत स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं.

"नियमात स्रोत म्हणजे काय?" तिने विचारलं.

"ज्याच्यापासून ते पसरू शकतं तो."

"मग सगळे हात तपासा. सुरुवात तुमच्यापासून करा."

तपासणीला चार दिवस लागले. दोनशे सोळा माणसांपैकी एकशे त्र्याण्णव जणांच्या हातांवर पेद्रूंचं किण्व सुखाने नांदत होतं. यादीत पहिलं नाव होतं सुधन्वा केळशीकर. यानात जागा होत्या चौदा.

केळशीकर खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. दोन दिवस नियमावली उलटीसुलटी वाचून त्यांनी अहवाल लिहिला आणि तो स्वतः घेऊन तुस्कानोंच्या घरी आले. त्यात एवढंच होतं: 'स्रोत ही वस्तीच आहे. तिला वस्तीबाहेर काढता येत नाही. सबब हे किण्व यादीत घ्यावं. अहवाल लिहिणारा स्वतः स्रोतांपैकी एक आहे, याची नोंद असावी.'

जॅसिंताने तो वाचला, ती हसली, आणि हसता हसता मध्येच थांबली. केळशीकरांना काही समजेना. तिला मात्र पुढची पायरी दिसली होती, आणि फसवायचं नाही ही तर वडिलांची अट होती.

"पप्पा, एक सांगायला हवं," ती म्हणाली. "आता ते सगळ्यांच्या हातांवर आहे. कुणीही तुकडा टांगला आणि हात लावला, तर तो मुरेल. चवीसाठी तुम्हीच इथे असायला हवं, असं आता राहिलं नाही. यान परवा निघतंय. तुमची जागा तुम्ही अजून सोडलेली नाही. तुम्ही दिलेल्या शब्दात मी तुम्हाला अडकवणार नाही."

पेद्रू खिडकीपाशी गेले. खिडकी कसली, भिंतीवरचा पडदाच तो, त्यावर पृथ्वी दिसत होती. त्यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"मुरेल गं, कुणाच्याही हातून मुरेल," ते म्हणाले. "पण भाजेल कोण? पाहुण्यांना आता चव कळलीय, बाकीचेही मागतील, आणि या दोनशे जणांत शेगडी पेटवता एकालाही येत नाही."

त्यांनी यानाच्या कचेरीला फोन लावला आणि जागा सोडत असल्याचं सांगितलं. पलीकडून कारण विचारलं गेलं.

"काम आहे," पेद्रू म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.