अर्धी गाडी

“आणि हे बघ, एकदा खिडकीची जागा मिळाली की उठायचं म्हणून नाही. कुणी काही म्हणो, कुणी कितीही गोड बोलो. तू उठलीस की जागा गेलीच म्हणून समज!”

निघताना आईने हे इतक्यांदा बजावलं होतं, की परक्या देशातल्या त्या गाडीत पाय ठेवताना बाईच्या कानात त्या देशाची भाषा कमी आणि आईचाच आवाज जास्त घुमत होता.

बाई म्हणजे कुणी पोक्त बाई नव्हे हं. बालवाडीत शिकवायची, म्हणून पोरांची बाई. आणि पोरांचं ऐकून ऐकून सगळ्या आळीचीही बाईच. वय म्हणाल तर, लग्नाचा विषय निघाला की स्वयंपाकघरात पळून जायचं. थोरल्या बहिणीला परदेशात बाळ झालं होतं. तिच्या मदतीला म्हणून सुट्टीत ती एकटीच निघाली होती. विमानतळापासून ताईच्या गावापर्यंत एकच गाडी, मध्ये कुठे बदलायची नाही, असं ताईने फोनवर सांगितलं होतं. त्यामुळे जिवाला घोर नव्हता.

घोर कसला, तिला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता! गाडी सुटली ती कळलीसुद्धा नाही. ना शिट्टी, ना हिसका. वाटलं, फलाटच हलके हलके मागे सरकतोय... आणि त्यावरची माणसं उभ्या उभ्याच कुठेतरी निघालीत. मग एका वळणावर झाडं बाजूला झाली आणि खिडकीभर पाणीच पाणी. सरोवर! इतकं निश्चल, की पलीकडचा डोंगर त्यात जसाच्या तसा उलटा उभा होता, आणि त्या उलट्या डोंगरावरून एक पांढरा पक्षी संथ चालला होता.

तिने हात जोडले.

तिचा तो नेमच होता. लहानपणी आजोबांनी लावून दिलेला. रोज एकाच, पण नव्या गोष्टीला नमस्कार करायचा. काल जिला केला तिला आज नाही. “देव काय एकाच जागी बसून राहतो होय गं? फिरता आहे तो. दिसला की हात जोड,” असं आजोबा म्हणायचे. आजोबा गेले, नेम राहिला. कधी एखाद्या पोराने पहिल्यांदा काढलेल्या वेड्यावाकड्या अक्षराला, कधी कपड्यांच्या दोरीवर तोल सावरणाऱ्या कावळ्याला... पण आज पंचाईत झाली होती. कुणाकुणाला म्हणून नमस्कार करायचा! इथे तर तो पावलोपावली उभा होता.

एका मोठ्या स्टेशनात गाडी थांबली. डब्याच्या छतातल्या कर्ण्यातून काहीतरी सांगितलं गेलं. डब्यातली बरीच माणसं उठली, सामान घेऊन पुढच्या डब्यांकडे निघाली. समोरच्या आजीबाईंनी तर हिच्या गुडघ्याला हात लावून पुढे बोट दाखवलं, काहीबाही समजावलं. अगदी गोड बोलून. बाईने त्याहून गोड हसून मान हलवली आणि खिडकीला अधिकच घट्ट चिकटली. म्हातारी हात हलवत उतरून गेली.

‘बघ आई,’ ती मनात म्हणाली, ‘उठले का?’

आणि मग तिने खिडकीतून डोकावून पाहिलं. पुढे, रुळांच्या वळणावर, एक गाडी डावीकडे झोकात निघाली होती. तोच रंग, तेच डबे, आणि तिसऱ्या खिडकीत त्याच आजीबाई! तिचीच गाडी तिला सोडून चालली होती. उरलेली अर्धी, तिला पोटात घेऊन, सावकाश उजवीकडे वळली.

“अगं आई गं! आता काय करू मी?”

“घाबरू नका. मी आहे ना. मी सगळं नीट सांगते.”

आपली भाषा! इथे, या मुलखात! तिने गर्रकन मान वळवली. समोर टीसी उभा होता. उंचापुरा, निळ्या कोटातला, डोळे सरोवरासारखे. ती त्याच्या मागे डोकावली. बोलणारी बाई कुठे दिसेना.

“कोण बोललं?”

“मी बोलले,” टीसी म्हणाला. “पुढचे डबे वेगळे होतात इथे. तुम्ही मागच्या अर्ध्यात राहिलात. ही गाडी वर डोंगरात जाते. पण परत येते ना! मी तुम्हाला खाली आणते आणि बरोबर गाडीत बसवते. रडू नका हं, शहाण्या ना तुम्ही?”

बाई रडायच्या बेतात होती खरी. पण एवढा मोठा मिशीवाला माणूस ‘आणते’, ‘बसवते’ करतोय म्हटल्यावर तिला असं काही हसू फुटलं, की डोळ्यांतलं पाणी तसंच राहिलं आणि ओढणीचा बोळा तोंडात गेला.

“माझं काही चुकलं?”

“नाही... म्हणजे, तुम्हाला आपली भाषा शिकवली कुणी?”

“आईने.” तो समोरच्या जागेवर टेकला. “ती तुमच्याकडची. वडील इथलेच. त्यांना आपल्या भाषेतले दोनच शब्द येतात, ‘पुरे’ आणि ‘अजून’. गावात दुसरं कुणीच नव्हतं हो. आई बोलायची, मी ऐकायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली. आता बोलायला माणूस नाही. कधी कधी बोगद्यात बोलते मी. गाडीचा आवाज इतका असतो, कुणाला ऐकू येत नाही.”

बाईचं हसू कुठल्या कुठे गेलं. पण सवय वाईट! रोज पंचवीस पोरांना ‘मुलगा येतो, मुलगी येते’ घोकून घेणारी ती. तिच्या तोंडून निसटलंच.

“अहो, पण ‘बोलते’ नाही. ‘बोलतो’ म्हणायचं. बाप्या माणूस बोलतो, बाईमाणूस बोलते.”

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग कुणी गरम घास तोंडात धरावा तसं जपून म्हणाला, “मी... बोलतो. बरोबर?”

“शाब्बास!”

“तुम्ही बाई आहात का?”

“हो. बाईच आहे मी.”

“ते दिसतंय मला...” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, आणि आता लाल व्हायची पाळी तिची होती.

तिने घाईघाईने तिकीट पुढे केलं. “हे इकडचं नाही ना? मग दंड...?”

“दंड आहे तर! खाली येईपर्यंत आपल्या भाषेत बोलत राहायचं. गप्प बसलात की दुप्पट.”

असला दंड तिने कधी भरला नव्हता. प्रत्येक स्टेशनाला तो उठून जाई, दारं बघे, हिरवा दिवा दाखवी आणि पुन्हा येऊन बसे. विचारायच्या गोष्टी त्याने वर्षानुवर्षं साठवून ठेवल्या असाव्यात. ‘इश्श’ म्हणजे नक्की काय? होय की नाही? ‘कार्टं’ ही शिवी आहे का? आई तर पापा घेतानाही तेच म्हणायची. उत्तरं देता देता हिची हसून मुरकुंडी वळत होती. पण तिच्या एक लक्षात आलं, आणि ते कुसळासारखं टोचत राहिलं. तो आता अडखळत होता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी थबकायचा, ‘जाते... नाही, जातो’ म्हणायचा. मघाचा तो मऊ, झुळझुळ आवाज आटला होता. तिने व्याकरण दुरुस्त केलं होतं, आणि त्याच्या तोंडातून त्याची आई काढून घेतली होती.

तेवढ्यात बोगदा आला. लांबच लांब. तो दाराशी उभा होता. काचेत त्याचे ओठ हलताना दिसले, पण शब्द काही ऐकू आला नाही. आणि बोगदा संपला...

बाई उभी राहिली. आईचा शब्द मोडून, जागा सोडून, उभीच राहिली.

बाहेर बर्फ होतं. डोंगरावर डोंगर, त्यावर डोंगर, सगळे पांढरे, आणि त्यांच्यावर ऊन असं सांडलेलं की बघणाऱ्याने आपल्या सावलीलासुद्धा हळू बोल म्हणावं. शेवटच्या स्टेशनात ती खाली उतरली. एक लाकडी बाक, एक घड्याळ, एक बंद खिडकी; आणि अशी शांतता, की बर्फाचा पापुद्रा फांदीवरून सुटला तो आवाज तिला ऐकू आला. तिने वाकून चिमूटभर बर्फ तळहातावर घेतलं. ते विरघळून गेलं तरी मूठ उघडावीशी वाटेना.

“हात जोडले नाहीत?” मागून त्याने विचारलं. “सरोवराला जोडलेत. मी बघत होते... होतो.”

“आजचा झाला. दिवसाला एकच.”

“मग याला उद्या या.”

“रोज येऊ होय इथे?”

“या की. मी रोज येतो. डोंगर रोज नवा असतो.” मग जरा थांबून, “तुम्ही असलात तर... मलासुद्धा दिसेल तो नव्याने.”

तिने मफलर नाकापर्यंत ओढून घेतला. थंडी होतीच म्हणा.

“एक सांगू?” ती मफलरच्या आतूनच म्हणाली. “जगाशी बोलताना ‘बोलतो’ म्हणा. माझ्याशी बोलताना मात्र... तसंच बोला. तुमची आई बोलायची तसं.”

थर्मासमधला चहा त्याने झाकणात ओतला, तिच्या पुढे धरला. “घ्या,” म्हणाला. “ऊन ऊन आहे. फुंकून देते.”

उतरताना तोच बोगदा पुन्हा लागला. या वेळी तो तिच्या समोरच बसला होता. गाडीच्या खडखडाटात तिच्याकडे बघून काहीतरी बोलला. चांगलं लांबलचक.

“काय म्हणालात?” उजेडात आल्यावर तिने विचारलं.

“बोगद्यातलं बाहेर सांगायचं नसतं.”

“असं होय! मग पुन्हा बोगद्यातच विचारलं पाहिजे.”

गाडी जिथे अर्धी झाली होती, त्या खालच्या स्टेशनात ताईच्या गावची गाडी उभी होती. त्याने तिची बॅग वर चढवली, जागा दाखवली, खिडकीची; आणि तो खाली उतरला. दारात उभी राहून, रोज घरातून निघताना म्हणायची तसं, ती सहज म्हणून गेली:

“बरंय... येते हं.”

त्याचा चेहरा एकदम उतरला. “नका म्हणू तसं.”

“अहो, आपल्यात ‘जाते’ म्हणत नाहीत—”

“माहीत आहे. आईसुद्धा तेच म्हणाली होती. दवाखान्यात जाताना, दारात चपला घालत. ‘येते हं.’ मी खिडकीत बसून राहिले...” त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “म्हणून विचारते. ही नुसती रीत आहे, की तुम्ही खरंच येणार?”

दार सरकू लागलं. बोलायला एका श्वासाएवढीच फट उरली होती.

“येते म्हटलं ना!” ती म्हणाली.

काच मिटली. गाडी हलली. फलाटावरचा निळा कोट उभ्या उभ्याच मागे सरकत गेला.

ताईकडे पोचल्यावर काय, हसण्याचा फड! “शिकली सवरलेली बाई आणि अर्ध्या गाडीत बसली!” ताईचा नवराही येता जाता विचारायचा, “आज पूर्ण जेवणार का अर्धंच?” बाईही हसायची. बाळाला न्हाऊ घालायची, दुपटी वाळत घालायची, रोजचा नमस्कार करायची. बाळाच्या जांभईला, खिडकीवरचं धुकं बोटाने पुसताना उमटलेल्या रेघेला. आणि कुणी ‘येते’ म्हटलं की गप्प व्हायची. परतीचं विमान जवळ येत चाललं होतं.

शेवटी ताईनेच विषय काढला. बाळ मांडीवर होतं. “काय गं, जीव कुठे अडकलाय? त्या टीसीत?”

“काहीतरीच तुझं.”

“प्रेमातबिमात पडलीस की काय?”

“पडायला आधी उठावं लागतं, ताई. मी तर जागेवरच बसून होते...” आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “मी त्याला येते म्हणाले गं.”

“अगं वेडे, सगळेच म्हणतात! रीतीचं बोलणं कोण मनावर घेतं?”

“तो घेतो. एक ‘येते’ त्याचं आधीच वाया गेलंय. माझंही गेलं, तर तो शब्दच उरणार नाही त्याच्याकडे.” ती मग अगदी हळू म्हणाली, “आणि खरं सांगू? रीत म्हणून एकदाच म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले ना, ते मनातलं होतं.”

ताईने मग बाळाचं टोपरं उगाच नीट केलं. “आईला काय सांगायचं ते मी बघते. आणि तिकडे वर फार गार असतं म्हणतात. माझा जाड कोट घालून जा.”

सकाळी घर झोपेत असताना तिने अंघोळ उरकली, ताईचा कोट चढवला आणि चपलांऐवजी ताईचेच बूट घातले. खिडकीपाशी ताई बाळाला थोपटत उभी होती. बाईने नुसता हात हलवला; ‘येते’ म्हणाली नाही.

स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंनी त्यांच्या भाषेत विचारलं, नुसतं जायचं, की जाऊन परत यायचं? एवढं तिला आता कळत होतं. ती क्षणभर घुटमळली. मग आपल्याशीच हसून, आपल्याच भाषेत म्हणाली, “नुसतं यायचं.” आणि एक बोट वर केलं.

गाडी आली. खालच्या स्टेशनात उतरून तिला फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं, मागच्या अर्ध्या गाडीपाशी. तोवर अजून वेळ होता. खिडकीच्या जागेवर ती बसली. बाहेर उजाडत होतं. सरोवराची एक बाजू इकडेही पोचत होती; तिच्यावर केशरी रंग पसरत होता, आणि उलट्या डोंगराच्या शिखरावर उन्हाचा पहिला ठिपका टेकला होता. कुणालाही आपोआप हात जोडावेसे वाटतील असं सगळं.

बाईने मात्र हात कोटाच्या खिशातच ठेवले. आजचा नमस्कार तिने राखून ठेवला होता.