दार काढलेली कोठडी

सियागंज बाजारातून बिजागऱ्या घेऊन संबोधी परतली, तेव्हा संग्रहालयाच्या नव्या दालनात ताज्या रंगाचा वास कोंदला होता. नागरी हक्कांचं दालन, आणि ते उभं करण्याची सगळी जबाबदारी तिची. त्यातली एक खोली मात्र तिच्या हट्टाची होती: आरोप न ठेवता डांबलेल्यांची कोठडी. तिचे आजोबा किसन अशाच एका कोठडीत खितपत पडले होते.

संग्रहालय समितीचे अध्यक्ष मुकुलजी यांच्या डोळ्यांत ती कोठडी खुपत होती. "संबोधीजी, लोक फॅमिली घेऊन येतील. मूड कशाला खराब करायचा? उद्या पाहुणे बघतील. एकानं जरी नाक मुरडलं ना, तर तोडून सेल्फी पॉइंट करू."

ती हसली खरी, पण आतून पेटली.

कोठडीचं दार खरं होतं, भंगारात मिळालेलं. कुणी अडकू नये म्हणून तिनं कडी आधीच कापून टाकली होती. बिजागऱ्या बदलायला सुतार पियुष आत शिरला आणि दार लागलं. संबोधीनं जीव खाऊन ओढलं. दार हलेना. मग आपसूक उघडलं, अगदी हळू. पियुष घामानं निथळत होता.

"काय झालं भिया?"

"दीदी... बाहेरून कोणी तरी पकडून ठेवलं होतं ना..."

बाहेर तर तीच होती.

तिनं दारच उतरवून टाकलं. दारच नाही तर कोंडणार कोण? असं तिला वाटलं. शहाणी माणसंही असं समजतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे आले. निवृत्त शिक्षिका लीलाताई कोठडीत शिरल्या, भिंती पाहिल्या आणि निघताना उंबऱ्याशी थबकल्या. "जाऊ का?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. क्षणभर थांबल्या, मान डोलावली आणि बाहेर आल्या. त्यांच्या मागचे गृहस्थही तसेच. मग प्रत्येकजण तसाच. नाक कुणीच मुरडलं नाही. कोठडी वाचली होती, पण संबोधी पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या चौकटीकडे बघत होती.

शेवटी मुकुलजी हसत आत गेले. उंबऱ्याशी थबकले.

"जाऊ का?"

त्यांचं हसू मावळलं.

"या ना मुकुलजी... तिथं दार नाहीये."

"हो, दिसतंय..." ते कुजबुजले. "पण ते नाही म्हणतायत."

आणि ते मागे वळले, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले, आणि थोडं सरकून त्यांनी शेजारी कुणाला तरी जागा करून दिली.