भिवाकाकांची बॅटरी

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

ही रात्रीची गोष्टसुद्धा नाही. गेल्या वर्षीच्या श्रावणातला रविवार, दुपारचे साडेतीन. काळाचौकीतली आमची दहा बाय बाराची खोली.

मी मयूर. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. भूतबित मानणाऱ्यांतला नाही.

भिवाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. तीस वर्षं त्यांनी महापालिकेत रात्रपाळीला गल्लीबोळांतून उंदीर मारायची नोकरी केली. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी.

"उजेड डोळ्यांत मारलो काय उंदीर जाग्यार थांबता," ते जेवताना सांगायचे. "मगे एकच फटको!"

आम्ही ताट बाजूला सारायचो.

मे महिन्यात काका गेले. त्यांची तीन सेलची स्टीलची बॅटरी माझ्याकडे आली.

"फेक ती घाण," माझी बायको श्रेया म्हणाली. "घरात लहान मूल आहे."

मी ऐकलं नाही. असली जड बॉडी आता मिळते कुठे? म्हटलं, जुना बल्ब काढू आणि दहा वॅटचा एलईडी बसवू. लिथियमचा सेल आणला, एलईडी तापू नये म्हणून मागे लावायला ॲल्युमिनियमची चकती आणली.

त्या रविवारी बॅटरी उघडली.

आत जुने सेल फुटून हिरवट चीक साचला होता. आणि त्या चिकात...

केस.

बारीक, राखाडी, आखूड केस. बंद नळीत केस कुठून येणार?

खरवडून काढले. नळी व्हिनेगरनं धुतली, स्पिरिटनं पुसली. तरी हातांचा वास जाईना. कपाटामागे चार दिवसांचा मेलेला उंदीर सापडतो ना, तो वास. दोनदा मोरीत जाऊन ओकलो.

तरी एलईडी बसवलाच. हट्ट, दुसरं काय!

उजेड नीट दिसावा म्हणून दाराला आतून कडी घातली, खिडकी लावली. श्रेया पोटमाळ्यावर झोपली होती. मनू, आमची दहा महिन्यांची मुलगी, लादीवर रांगत होती.

बटण दाबलं. समोरची भिंत पांढरीफटक झाली. मी जाम खूश. झोत फिरवत खाली आणला...

तो मनूच्या तोंडावर पडला.

मनू थांबली.

एक हात उचललेला, तसाच. पापणी लवेना.

"मनू? ए चिमणे?"

काही नाही.

मग माझ्या लक्षात आलं, की शेजारचा टीव्ही ऐकू येत नाहीये. नळ नाही, गॅलरीतली बडबड नाही. भर दुपारी अख्खी चाळ गप्प.

आणि माझ्या पाठीमागे...

टक्.

लादीवर काठी टेकल्याचा आवाज.

टक्. आणखी जवळ.

मी बटण दाबलं. उजेड जाईना. झोत बाजूला वळवायला गेलो, तर मनगट वळेना. गार, बुळबुळीत बोटांनी कुणीतरी माझा हात धरून ठेवला होता... झोत मनूच्या डोळ्यांवरून हलू नये म्हणून.

मी सरळ तिच्यावर पालथा पडलो.

फटका माझ्या पाठीत बसला.

माझ्या किंकाळीनं श्रेया जागी झाली. दाराची कडी आतून तशीच होती. खोलीत आम्हां तिघांशिवाय कुणी नव्हतं.

माझ्या दोन फासळ्या मोडल्या होत्या. "कुणी मारलं?" डॉक्टरांनी विचारलं. जिन्यावरून पडलो, असं सांगितलं. मनूला मात्र साधा ओरखडा नव्हता.

बॅटरी हातोडीनं ठेचून कचऱ्याच्या गाडीत मी स्वतः टाकली. खोली सोडली. आता दादरला सासुरवाडीत राहतो.

मनू दीड वर्षाची झाली. बिस्कीट दिलं की ती कोपऱ्यात जाऊन बसते. दोन्ही हातांत धरून पुढच्या दातांनी भराभर कुरतडते. मध्येच थांबते... आणि हवा हुंगते.

"सगळीच मुलं खातात अशी," श्रेया म्हणते.

खात असतील. पण मला तिचा पापा घेववत नाही. जिच्यासाठी पाठ पुढे केली, तिची मला किळस येते. संध्याकाळी "बाबा, बाबा" करत ती मांडीवर चढते. तेव्हा मी तिला ढकलून देऊ नये म्हणून दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून बसतो.